मैनेसाठी नर निवडताना : प्रकल्प नोंदी (ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५)

१४ ऑक्टोबर २०२४

मैनेचे एक वेत घ्यावे असे घरात ठरले आहे, आणि तिच्यासाठी नर कसा व कोणता निवडला याची नोंद मी येथे ठेवणार आहे. मैना ही नऊ वर्षांची कुमैत, म्हणजे काळ्या आयाळीची तांबूस-तपकिरी, घोडी आहे. तिची उंची खांद्याशी ५५ इंच असून मोजपट्टीने काढलेले वजन २९० किलोच्या आसपास भरते. तिची जात सांगता येणार नाही. कान टोकाशी किंचित आत वळलेले आहेत, त्यामुळे तिच्यात मारवाडी किंवा काठेवाडी रक्ताचा अंश असावा, पण कागद नाहीत आणि आम्हाला त्यांची गरजही कधी पडली नाही. पुरंदर परिसरातील डोंगरवाटांवर घरातील हलक्या वजनाची माणसे तिच्यावर बसतात. माझ्या मुलीने तिच्यावरच रपेट शिकली, आणि सत्तरी ओलांडलेले माझे सासरे आजही तिला मोकळ्या लगामाने ओढ्यापर्यंत नेऊन आणतात. झुडपातून तितर उडाला तर ती थांबते आणि कान टवकारून पाहते, पण उधळत नाही. अशी गरीब घोडी पैसे मोजूनही सहज मिळत नाही.

तिच्या उणिवाही लिहून ठेवणे आवश्यक आहे, कारण नर निवडताना त्या समोर असल्या पाहिजेत. तिचे पुढचे खूर तळाशी सपाट आणि पातळ आहेत, त्यामुळे खडकाळ वाटेवर नाल नसली की ती पाय जपून टाकते. पाठ थोडी लांब आहे. चारही पाय मात्र सरळ आहेत आणि चाल मोकळी आहे. म्हणून नराकडून आम्हाला तीन गोष्टी हव्यात : मैनेसारखाच शांत स्वभाव, तिच्यापेक्षा टणक खूर आणि आखूड, भरीव पाठ. होणारे शिंगरू आमच्याच गोठ्यात राहील, ते विकण्यासाठी नाही. ते सांभाळायची तयारी नसती तर हा विषय आम्ही काढलाच नसता.

२० ऑक्टोबर २०२४

नराच्या शोधाला लागण्यापूर्वी घोडीची तपासणी करून घेतली. मैना आजवर एकदाही व्यालेली नाही. पहिल्या वेताची घोडी वयस्क असेल तर गर्भाशयाचे मुख नीट न उघडणे, समागमानंतर आत द्रव साचून राहणे अशा अडचणी वाढतात, म्हणून नऊ वर्षे हे वय उशिराचे तर नाही ना, अशी मला शंका होती. सोनोग्राफीत गर्भाशय स्वच्छ दिसले आणि दोन्ही बीजांडकोश कार्यरत आढळले. घोडी पंधरा-सोळा वर्षांची असती तर गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा काढून तपासायला सांगितले असते, मैनेला त्याची गरज नाही, असे डॉक्टरांचे मत पडले. शरीरस्थितीच्या एक ते नऊ या मोजपट्टीवर तिला पाच गुण मिळाले. फेब्रुवारीपर्यंत ते सहाच्या जवळ न्यायचे आहेत, म्हणून कडब्यासोबत लसूणघास वाढवला असून भिजवलेल्या हरभऱ्याचे प्रमाण मात्र बेतानेच ठेवले आहे.

घोडी ही दिवस मोठा होऊ लागला की माजावर येणारी मादी आहे. थंड देशांत त्यासाठी डिसेंबरपासून गोठ्यात रात्री दिवे लावतात. आपल्याकडे हिवाळ्यातील सर्वांत लहान दिवसही सुमारे अकरा तासांचा असतो आणि आमचे लक्ष्य फेब्रुवारी-मार्च हे आहे, त्यामुळे दिव्यांचा खटाटोप केलेला नाही. घोडीचा गर्भकाळ साधारण अकरा महिन्यांचा, म्हणजे ३३० ते ३४५ दिवसांचा असतो. मार्चमध्ये गर्भ राहिला तर शिंगरू पुढच्या फेब्रुवारीत जन्मेल. तेव्हा थंडी सरत आलेली असते, गोमाश्यांचा त्रास नसतो आणि पावसाळ्याच्या चिखलापूर्वी त्याला चार महिने कोरडी जमीन मिळते.

३ नोव्हेंबर २०२४

दिवाळीला आलेल्या नातेवाइकांपैकी दोघांनी एकच सल्ला दिला : ‘घोडी लहान आहे, तर नर चांगला उंच घ्या.’ त्यावर लगेच सुचणारी भीती अशी की उंच नराचे शिंगरू पोटात मोठे होईल आणि घोडी अडेल. ही भीती बऱ्याच अंशी निराधार आहे. वॉल्टन आणि हॅमंड या संशोधकांनी केंब्रिजमध्ये शायर हे अवाढव्य ओझ्याचे घोडे आणि शेटलंड ही बुटकी तट्टे यांचा दोन्ही बाजूंनी संकर करून पाहिला होता आणि त्याचे निष्कर्ष १९३८ मध्ये प्रसिद्ध केले. शायर घोडीच्या पोटी जन्मलेली संकरित शिंगरे ही शेटलंड घोडीच्या पोटी जन्मलेल्या तशाच संकरित शिंगरांच्या जवळपास तिप्पट वजनाची निघाली. आईबापांच्या जाती दोन्हीकडे त्याच होत्या. याचा अर्थ असा की जन्माच्या वेळचा आकार मुख्यतः आईचे गर्भाशय ठरवते.

मात्र म्हणून उंच नर घेणे शहाणपणाचे ठरत नाही. जन्मानंतर शिंगरू वाढते तेव्हा बापाचे लांब हाड आणि आईची लहान चौकट यांचा मेळ बसेलच असे नाही, आणि विजोड बांध्याच्या घोड्याचे सांधे डोंगर उतरताना प्रथम दुखू लागतात. शिवाय आमच्या कामाला उंची लागते कोठे? घोड्याने खोगिरासह स्वतःच्या वजनाच्या सुमारे वीस टक्के भार वाहावा हा रूढ दंडक धरला तर मैनेवर ५८ किलोपर्यंत भार येऊ शकतो, आणि घरातील जड माणसे तिच्यावर बसतही नाहीत. शिंगरू मैनेएवढे झाले तरी पुरे आहे. नराची उंची ५३ ते ५८ इंच ही मर्यादा आज निश्चित केली.

१७ नोव्हेंबर २०२४

दोन पर्याय पाहिले आणि दोन्ही बाजूला ठेवले.

पहिला शर्यतीतून निवृत्त झालेला थरोब्रेड. पुण्यात पावसाळ्यात आणि मुंबईत हिवाळ्यात शर्यती होतात, त्यामुळे या भागात असे घोडे स्वस्तात आणि कधी कधी फुकटही मिळतात. हा घोडा देखणा आणि माणसाळलेला होता, पण या जातीची पातळ कातडी, पातळ खुरांचा तळ आणि चटकन पेटणारी चाल ही आमच्या गरजेच्या नेमकी उलट आहे. मैनेचे खूर आधीच पातळ असताना त्यात तीच उणीव मिसळण्यात अर्थ नाही.

दुसरा काठेवाडी नर. उंची ५८ इंच, पाठ आखूड, कान टोकाला टोक लागणारे, आणि हाताळायला समजूतदार. हा नर मला मनापासून आवडला. पण त्याची शिंगरे अजून दोन वर्षांच्या आतली आहेत आणि एकाच्याही पाठीवर कोणी बसलेले नाही. नराचा स्वभाव चांगला आहे एवढ्याने तो स्वभाव पुढे उतरतो असे सिद्ध होत नाही. तो कामाला लागलेल्या संततीत दिसला पाहिजे. तीन-चार वर्षांनी हाच नर कदाचित माझ्या यादीत पहिला असता.

१७ डिसेंबर २०२४

दत्तजयंतीच्या यात्रेला सारंगखेड्याला जाऊन आलो. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी भरणारा हा घोडेबाजार ज्याने पाहिला नाही त्याला महाराष्ट्रातील घोड्यांच्या हौसेची कल्पना येणार नाही. मारवाडी आणि काठेवाडी नरांच्या रांगा, अबलख, मुश्की, नुकरा (गुलाबी कातडीचा पांढरा), पंचकल्याणी असे सगळे रंग, नाचणाऱ्या घोड्यांभोवती जमलेली गर्दी. जनावरांची निगा पाहून समाधान वाटले. अनेक मालक स्वतःपेक्षा घोड्याच्या खुराकाकडे अधिक लक्ष देणारे होते.

परंतु आमच्या प्रश्नाचे उत्तर तेथे मिळणे कठीण आहे, हे पहिल्याच संध्याकाळी कळले. बाजारात किंमत उंचीवर, रंगावर, कानांच्या टोकांवर आणि भोवऱ्यांवर ठरते. गळ्यावर देवमण हा शुभ मानलेला भोवरा असेल तर भाव चढतो, डोळ्याखाली आसूढाळ हा अशुभ मानलेला भोवरा असेल तर चांगला घोडाही उतरत्या भावात जातो. ज्यांची श्रद्धा आहे त्यांच्याशी वाद घालण्याचे मला कारण नाही, पण भोवरा म्हणजे केसांच्या वळणाची जागा, आणि घोडा घाटात पाय कसा टाकेल हे त्यातून समजत नाही. नुकऱ्याच्या बाबतीत तर मी रंगाच्या विरोधात ठामपणे उभी राहीन. गुलाबी कातडीला आपल्या उन्हाने पोळते, आणि दिवसभर उघड्या डोंगरावर चालणाऱ्या जनावराला ती कातडी देणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

स्वभाव पाहावा तर नर आगाडी-पिछाडीने बांधलेले. पुढून दोन दोर, मागून दोन दोर आणि शेजारी हात-दोन हातांवर दुसरा नर, अशा स्थितीत जनावर शांत आहे की नुसते जखडलेले आहे हे ओळखता येत नाही. एक ६५ इंची कुमैत मारवाडी नर इतका देखणा होता की माझे पती त्याच्यासमोरून हलेनात. जवळ गेल्यावर त्याने कान पाडून दात दाखवले. मालक प्रेमाने म्हणाले, ‘ताई, नर म्हटल्यावर एवढी मस्ती पाहिजेच.’ मला हे मान्य नाही. नरात जोम असावा, पण माणसावर दात काढणे हा जोम नाही. तो स्वभावाचा किंवा वागणुकीचा दोष आहे, आणि त्यातला किती जन्मजात व किती कोंडून ठेवल्यामुळे आलेला हे बाहेरच्या माणसाला सांगता येत नाही. ज्या शिंगरावर उद्या मुले बसणार, त्याच्या बाबतीत असा धोका पत्करू नये.

५ जानेवारी २०२५

बारामती तालुक्याच्या जिरायती भागात एका धनगर कुटुंबाकडे भीमथडी नर पाहिला. त्याला सर्जा म्हणतात. अकरा वर्षांचा, तांबूस अंगाचा, उंची ५३ इंच.

भीमथडी, म्हणजे भीमेच्या खोऱ्यातील दख्खनी घोडा, याची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंदणी अलीकडेच झाली, आणि भारतातील नोंदणीकृत अश्वजातींत तो आठवा ठरला. मराठ्यांच्या फौजेची चपळाई ज्या तट्टांवर उभी होती त्यांचा हा वारसा. ही जात टिकली ती मुख्यतः धनगरांमुळे. दिवाळीच्या सुमारास मेंढ्यांचा वाडा, म्हणजे कळप आणि त्याच्याबरोबरची कुटुंबे, घाट उतरून कोकणात जातो आणि पावसाळ्याच्या तोंडाशी पठारावर परततो. त्या सगळ्या वाटेवर बिऱ्हाड घोड्यांच्या पाठीवर असते : मेंढ्या कोंडायच्या वाघरीच्या जाळ्या, भांडी, धान्य, नुकती जन्मलेली कोकरे, कोंबड्या आणि कधी कधी लहान मूलही. आता अनेक वाडे सामानासाठी छोटा टेम्पो वापरतात आणि घोडे कमी होत चालले आहेत. या कुटुंबानेही यंदा टेम्पो घेतला, म्हणून सर्जा घरी राहिला आणि मला त्याला निवांत पाहता आले.

मी त्याच्यासाठी काही साध्या कसोट्या लिहून नेल्या होत्या. मोकळ्या रानात चरत असताना अनोळखी माणसाला तो जवळ येऊ देतो का, हे पाहिले. त्याने मान उचलली, वास घेतला आणि पुन्हा चरू लागला. चारही पाय मी स्वतः उचलून पाहिले. खुरांना नाल नव्हती आणि कधी ठोकलीही नव्हती. भिंत जाड, तळ आतून खोलगट, कोठेही चीर नाही. छत्री उघडली तेव्हा तो बुजला, दोन पावले मागे सरला आणि मग पाहत उभा राहिला. मला हेच हवे होते. मुळीच न बुजणारा घोडा हा पुष्कळदा दमलेला किंवा मनाने खचलेला असतो. बुजून सावरणारा घोडा विचार करणारा असतो. वृषण दोन्ही उतरलेले आहेत, दात एकमेकांवर नीट बसतात, बेंबीच्या जागी फुगवटा नाही. हे तिन्ही दोष पुढच्या पिढीत उतरू शकतात, म्हणून त्यांची पाहणी प्रत्येक नराच्या बाबतीत करत आले आहे.

घरातील आजी ओट्यावरून हे सगळे पाहत होत्या. त्या म्हणाल्या, ‘बाई, छत्री काय दाखवतीस त्याला? ह्याच्या पाठीवर कोकरं बांधून आमी घाट उतरलोय.’

१९ जानेवारी २०२५

सर्जाची कामाला लागलेली संतती पाहून आले. जवळच्या गावांत तीन घोडी-घोडे आहेत. सहा वर्षांची एक घोडी गेल्या हंगामापर्यंत वाड्याबरोबर ओझे वाहत होती. कुटुंबातील शाळकरी मुलगा तिच्या उघड्या पाठीवर बसून मला कालव्यापर्यंत घेऊन गेला आणि ती वाहत्या पाण्यात न अडता उतरली. दुसरा सात वर्षांचा खच्ची केलेला घोडा आहे. त्याच्या अंगावर प्लास्टिकचा कागद फडफडत असताना त्याचा मालक निर्धास्तपणे खोगीर आवळत होता. तिसरी पाच वर्षांची घोडी स्वभावाने चांगली आहे, पण तिचा पुढचा डावा पाय गुडघ्याखाली थोडा बाहेर वळलेला आहे.

या तिसऱ्या घोडीवर मी बराच विचार केला. तिची आई पाहिली तेव्हा तोच वाक तिच्याही पायाला आढळला, आणि सर्जाचे स्वतःचे पाय सरळ आहेत. त्यामुळे हा दोष बहुधा आईकडचा आहे. मैनेचे पाय सरळ असल्याने हा धोका मला पत्करण्याजोगा वाटतो. खूर मात्र तिघांचेही बापासारखे आहेत, आणि त्या खुरांची किंमत खडकाळ वाटेवर रोज चालणाऱ्यालाच कळेल.

२ फेब्रुवारी २०२५

सर्जाची निवड निश्चित केली.

घरात याविरुद्ध दोन मुद्दे मांडले गेले, आणि दोन्ही गंभीर होते. पहिला माझ्या पतींचा : नर मैनेपेक्षा दोन इंच लहान आहे, शिंगरू लहान राहिले तर मुलगी मोठी झाल्यावर त्यावर बसू शकेल का? त्यावर माझे उत्तर असे की सर्जाची छाती रुंद आणि नडगीचे हाड जाड आहे, आणि भार पेलण्यात उंचीपेक्षा हाडाची जाडी व पाठीचा आखूडपणा महत्त्वाचा असतो. सर्जाच्या संततीतील दोघे बापापेक्षा उंच भरले आहेत, कारण त्यांच्या आया उंच होत्या. दुसरा मुद्दा मुलीचा : भीमथडी घोडे कमी उरले असतील तर सर्जाला भीमथडी घोड्याच मिळायला नकोत का? हा प्रश्न तिने विचारला याचे मला समाधान वाटते. एका संकरामुळे नराची शुद्ध पैदास थांबत नाही, परंतु मैनेचे शिंगरू भीमथडी म्हणून कोठेही सांगायचे नाही, आणि ते नर निघाले तर योग्य वयात खच्ची करायचे, हे आम्ही आजच ठरवले. मालकांच्या दोन भीमथडी घोड्या याच हंगामात प्रथम सर्जाला लागतील, आमची घोडी त्यानंतर, असेही ठरले.

मैनेने शिंगराला जे शिकवायचे ते ती शिकवीलच. शिंगरू पहिले काही महिने आईच्या सावलीत असते आणि माणसाकडे कसे पाहायचे हे तिच्याकडून घेते. म्हणून स्वभावाची अर्धी बाजू आमच्या घरातच आहे आणि नराने ती बिघडवू नये एवढीच अपेक्षा आहे, असे सासरे म्हणाले. मी त्यापुढे जाऊन म्हणेन की सर्जा ती बळकट करील.

२१ फेब्रुवारी २०२५

दोन्ही जनावरांचे रक्ताचे अहवाल आले. ग्लँडर्स (घोड्यांचा एक जीवाणूजन्य संसर्गजन्य आजार) आणि घोड्यांचा संसर्गजन्य पांडुरोग या दोन्हींसाठी नमुने नकारार्थी आहेत. समागमातून पसरणाऱ्या आजारांची लक्षणेही दोघांत आढळली नाहीत. ग्लँडर्सचे नमुने अंतिम तपासणीसाठी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जातात, त्याला वेळ लागतो, म्हणून महिनाभर आधीच रक्त काढले होते. ग्लँडर्स माणसालाही होतो आणि बाधित घोड्याला कायद्यानुसार दयामरण द्यावे लागते. नराकडे घोडी नेताना ही तपासणी टाळणारे पुष्कळ लोक आहेत. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की तपासणीचा खर्च हा घोडी लावण्याच्या खर्चाचाच भाग समजावा.

११ मार्च २०२५

मैनेला महिन्याच्या आरंभीच बारामतीकडे नेऊन ठेवले होते, म्हणजे प्रवासाचा शीण जाऊन ती नव्या जागेत रुळेल. घोडीचे चक्र साधारण २१ दिवसांचे असते, त्यांतील पाच ते सात दिवस माजाचे, आणि बीज सुटते ते माज संपण्याच्या एक-दोन दिवस आधी. त्यामुळे माज दिसताच घाई करण्यात फायदा नसतो. ८ तारखेला सोनोग्राफीत बीजपुटक, म्हणजे ज्यातून बीज सुटते ती पिशवी, ३८ मिलिमीटरचे दिसले, तेव्हा त्या संध्याकाळी आणि पुन्हा १० तारखेला नर लावला. आज पुटक फुटलेले दिसले.

पद्धत हातावरची, म्हणजे जनावरे मोकळी न सोडता माणसांच्या देखरेखीत नर लावण्याची, ठेवली. मैनेच्या मागच्या नाला काढल्या, शेपटी पट्टीने गुंडाळली, मागील भाग कोमट पाण्याने धुतला आणि आधी कुंपणाच्या पलीकडून नर दाखवून ती राजी असल्याची खात्री केली. सर्जा आरडाओरड न करता, मालकाच्या एका हाकेवर जवळ आला आणि हाकेवर मागे फिरला. त्याचा स्वभाव खरा कसाला लागतो तो याच वेळी. उतरल्यानंतर मिळालेला वीर्याचा थेंब डॉक्टरांनी तेथेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि हालचाल उत्तम असल्याचे सांगितले.

२६ मार्च २०२५

बीज सुटल्यापासून पंधरावा दिवस. सोनोग्राफीत एकच गर्भपुटिका दिसली. एकच असणे महत्त्वाचे आहे, कारण घोडीला जुळे पेलत नाही. बहुतेक वेळा दोन्ही गर्भ जातात आणि घोडीच्या जिवावर बेतते. दोन पुटिका असतील तर सोळाव्या दिवसाच्या आत, त्या एका जागी रुजण्यापूर्वी, एक हाताने फोडता येते. म्हणून ही तपासणी नेमक्या दिवशी करायची असते, सवडीने नव्हे. मैनेला घरी आणले.

८ एप्रिल २०२५

अठ्ठाविसाव्या दिवशी गर्भाचे हृदय स्पंदताना पडद्यावर दिसले. अपेक्षित तारीख १४ फेब्रुवारी २०२६ च्या आसपास येते.

११ मे २०२५

साठ दिवसांची तपासणी ठीक आहे. पुढील काम असे ठरले आहे. सातव्या महिन्यापर्यंत मैनेची हलकी रपेट चालू राहील, पण दुडकीने चढ चढवायचा नाही आणि सासऱ्यांखेरीज कोणी लांब न्यायचे नाही. घोड्यांच्या नागीण विषाणूमुळे शेवटच्या महिन्यांत गर्भपात होतो, त्याविरुद्धची लस पाचव्या, सातव्या आणि नवव्या महिन्यात, म्हणजे ऑगस्ट, ऑक्टोबर आणि डिसेंबरच्या मध्याला द्यायची आहे. हरभऱ्याचे प्रमाण शेवटच्या तीन महिन्यांतच वाढवायचे, कारण गर्भाची मोठी वाढ तेव्हाच होते. सर्जाच्या मालकांना आज तपासणीचा निकाल कळवला. त्यांच्या दोन्ही भीमथडी घोड्याही गाभण आहेत, आणि वाडा कोकणातून परतल्यावर आजी मैनेला पाहायला येणार आहेत.